हाताखाली नक्की माणसं किती? दर हंगामाला चुकणारी मोजणी आणि तिचा इलाज

बॉयलर पेटला की हंगामी माणसं हजर होतात, गाळप संपलं की घरी जातात, आणि या दोन्ही वेळी ईडीपीत, म्हणजे कॉम्प्युटर विभागात, तीच तक्रार येऊन पडते. कुठल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली डायरेक्ट (थेट त्याच्याच खालचे) किती, इनडायरेक्ट (त्यांच्याही खालचे) किती हे सांगणारा तक्ता चुकतोय. सांगली जिल्ह्यात साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसशी ज्यांचा संबंध आहे त्यांना ही कटकट सांगायला नको. कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्येही ती असते, पण तिथे माणसं वर्षभर तीच असतात म्हणून ती उशिरा उघडी पडते.

फोनवर तक्रार साधारण अशी येते: "साहेब, मागच्या महिन्यात शेतीखात्याला पाच माणसं दाखवत होतं, आता दोनच दाखवतंय. माणसं तर कामावर हायती की!"

अशा वेळी पहिला हात फॉर्म्युल्याकडे जातो. कोणीतरी रेंज वाढवतं, कोणीतरी इंटरनेटवरून नवा लांबलचक फॉर्म्युला आणून चिकटवतं. फॉर्म्युला मागच्या महिन्यात चालत होता तर तो या महिन्यात आपोआप बिघडत नाही. बिघडतो तो "वरिष्ठ" नावाचा कॉलम. म्हणून आधी तो तपासायचा, तोही एका ठरलेल्या क्रमाने, आणि फॉर्म्युल्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

त्याआधी मात्र एक प्रश्न विचारून घ्या: मोजायचं काय? कायम, हंगामी, रोजंदारी, कंत्राटी यातले कोण धरायचे? गट अधिकाऱ्याच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या राबत असतात, पण ते मजूर मुकादमाकडे आणि मुकादम तोडणी-वाहतुकीच्या करारावर. हजेरीपटावर ते नसतात. मीटिंगमध्ये अधिकारी "माझ्याकडं दोनशे माणसं" म्हणतात ती ही माणसं धरून. तक्ता दोन म्हणतो आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. हे आधी लिहून घेतलं नाही तर पुढचं सगळं तपासणं वाया जातं.

आता एक छोटा नमुना घेऊ. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत देतोय, टाइप करताना ती इंग्रजीतच करायची. एक्सेलच्या ए कॉलममध्ये टोकन नंबर (कर्मचाऱ्याचा क्रमांक), बीमध्ये हुद्दा, सीमध्ये वरिष्ठाचा टोकन नंबर. पहिली ओळ मथळ्याची, म्हणून माहिती दुसऱ्या ओळीपासून अकराव्यापर्यंत.

१०१ | कार्यकारी संचालक | (रिकामं)
२०१ | मुख्य शेती अधिकारी | १०१
२०२ | चीफ इंजिनिअर | १०१
३११ | गट अधिकारी, आष्टा | २०१
३१२ | गट अधिकारी, बोरगाव | २०१
३२१ | शिफ्ट इंजिनिअर | २०२
४११ | चिटबॉय | ३११
४१२ | चिटबॉय | ३११
४१३ | चिटबॉय | ३१२
४२१ | फिटर | ३२१

दहा माणसं. डायरेक्ट मोजणं सोपं आहे, वरिष्ठ कॉलममध्ये माझा टोकन नंबर किती वेळा आला ते बघायचं:

=काउंटइफ($सी$२:$सी$११, ए२)

मुख्य शेती अधिकाऱ्याला २ येतात, दोन गट अधिकारी. त्यांच्या खालचे तीन चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे कर्मचारी) त्याचे इनडायरेक्ट, म्हणजे एकूण ५. या पाचापर्यंत पोचण्यासाठी बरेच जण पटकन सुचणारी युक्ती करतात: माझे डायरेक्ट, अधिक माझ्या डायरेक्ट माणसांच्या एकूणची बेरीज, म्हणजे काउंटइफ अधिक सम-इफ. विचार बरोबर आहे. पण सम-इफ ज्या कॉलमची बेरीज घेतं त्यातच तो फॉर्म्युला स्वतः बसलेला असतो, त्यामुळे एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची ओरड करतं. मग कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन (तीच मोजणी पुन्हा पुन्हा करण्याची सोय) चालू करतं आणि ओरड बंद होते. हे करू नका. त्या फाइलीत पुढे खरंखुरं चक्र, म्हणजे दोघं एकमेकांचे वरिष्ठ, शिरलं तरी एक्सेल तोंड उघडणार नाही.

सरळ मार्ग असा की प्रत्येकाच्या पुढे त्याच्या वरची सगळी साखळी आडवी मांडायची. सीमध्ये वरिष्ठ आहेच. डीमध्ये वरिष्ठाचा वरिष्ठ, ईमध्ये त्याच्याही वरचा, असं एच कॉलमपर्यंत. डी२ मध्ये हे लिहा आणि उजवीकडे व खाली ओढा:

=इफ(सी२="","",एक्सलुकअप(सी२,$ए$२:$ए$११,$सी$२:$सी$११,""))

एक्सलुकअप एक्सेल २०२१ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये मिळतं. टाइम ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुनं एक्सेल असेल, आणि बहुतेक ठिकाणी असतंच, तर इंडेक्स आणि मॅचची जोडी इफएररमध्ये गुंडाळून तेच काम होतं:

=इफ(सी२="","",इफएरर(इंडेक्स($सी$२:$सी$११,मॅच(सी२,$ए$२:$ए$११,०)),""))

साखळी संपते तिथे एखादं शून्य दिसेल. कार्यकारी संचालकाचा वरिष्ठ रिकामा आहे आणि रिकामी पेटी एक्सेल शून्य म्हणून परत देतं. शून्य टोकनाचा कोणी नसेल तर त्याने काही बिघडत नाही.

चिटबॉय ४११ च्या ओळीत आता ३११, २०१, १०१ असे तिघे वरिष्ठ ओळीने दिसतील. आणि मग मोजणी अगदी सोपी होते. एकूण म्हणजे माझा नंबर या सगळ्या चौकोनात किती वेळा आला:

=काउंटइफ($सी$२:$एच$११, ए२)

इनडायरेक्टसाठी तोच फॉर्म्युला, फक्त रेंज डीपासून एचपर्यंत. आपल्या नमुन्यात कार्यकारी संचालकाला एकूण ९, त्यातले डायरेक्ट २ आणि इनडायरेक्ट ७. मुख्य शेती अधिकाऱ्याला ५, २ आणि ३. चीफ इंजिनिअरला २, १ आणि १. गट अधिकारी आणि शिफ्ट इंजिनिअर यांच्याकडे फक्त डायरेक्ट.

इथवर सगळ्यांचं जमतं. खरं काम पुढे आहे.

तपासणीचे चार आकडे

फाइलीच्या कडेला चार पेट्या कायमच्या करून ठेवा. पहिल्या पेटीत वरिष्ठ कॉलममधल्या रिकाम्या ओळी किती ते. तिथे १ च यायला हवा, कारण सर्वात वरचा माणूस एकच. दुसऱ्या पेटीत सगळ्यांच्या डायरेक्टची बेरीज, आणि तिच्याशेजारी वरिष्ठ कॉलममध्ये भरलेल्या ओळींची संख्या, म्हणजे काउंटए. हे दोन्ही जुळलेच पाहिजेत; नमुन्यात दोन्हीकडे ९ येतात. तिसऱ्या पेटीत सर्वात वरच्या माणसाचं एकूण अधिक १, ते एकूण ओळींइतकं हवं. नमुन्यात ९ अधिक १ म्हणजे १०. चौथीत शेवटच्या एच कॉलममध्ये काही भरलंय का ते. तिथे काही नसावं.

या चार पेट्यांवरून दुखणं कुठे आहे ते जवळजवळ नेमकं कळतं. कसं ते बघू.

समजा आष्टा गटाचा अधिकारी ३११ हंगाम संपल्यावर निवृत्त झाला आणि क्लार्कने त्याची ओळ डिलीट केली. फाइलीत ९ ओळी राहिल्या. वरिष्ठ भरलेल्या ओळी ८, पण डायरेक्टची बेरीज ६ येते. फरक दोनचा, आणि तोच नेमका त्याच्या खालच्या दोन चिटबॉयचा. ते दोघं ३११ च्या नावावर लटकलेले आहेत आणि ३११ हा नंबर फाइलीत कुठेच नाही. साखळी तिथेच तुटली, म्हणून मुख्य शेती अधिकाऱ्याच्या पाचाचे दोन झाले. वर ज्या फोनचं सांगितलं त्यातले पाच आणि दोन हेच. एक माणूस गेला आणि तीन गायब झाले, एक्सेल मात्र एक अक्षर बोललं नाही.

अशी पोरकी माणसं शोधायला एक जादा कॉलम पुरतो:

=अँड(सी२<>"", काउंटइफ($ए$२:$ए$११, सी२)=०)

जिथे ट्रू येईल ती ओळ पोरकी. दर महिन्याला पगारपत्रक बंद करण्याआधी हा कॉलम फिल्टर करून बघावा.

यावर दोन इलाज आहेत. तात्पुरता इलाज म्हणजे त्या माणसांना प्रभारी अधिकाऱ्याचा नंबर देणं. ते करावंच लागतं, पण पुढच्या हंगामात तेच पुन्हा होणार. कायमचा इलाज माझ्या मते एकच: साखळी माणसांच्या टोकनांवर बांधू नये, पदांवर बांधावी. आकृतिबंधात मंजूर असलेल्या प्रत्येक पदाला पद क्रमांक द्या आणि वरिष्ठ कॉलममध्ये वरिष्ठ पदाचा क्रमांक लिहा. माणूस कोण बसलाय तो वेगळा कॉलम. अधिकारी निवृत्त झाला तर त्या पदासमोर "रिक्त" लिहायचं, ओळ जागच्या जागी राहते आणि खालची माणसं पोरकी होत नाहीत. हंगामी पदांचंही तसंच. ऑफ सिझनला पद हलत नाही, त्यावरचा माणूस तेवढा घरी असतो.

मग माणसं मोजताना रिक्त पदं वगळावी लागतात. काउंटइफ्सला सगळ्या रेंज एकाच आकाराच्या हव्या असतात. सहा कॉलमचा चौकोन आणि एका कॉलमची स्थिती एकत्र दिली की ते एरर देतं. तिथे सम-प्रॉडक्ट चालतं. स्थिती आय कॉलममध्ये असेल तर:

=सम-प्रॉडक्ट(($सी$२:$एच$११=ए२)*($आय$२:$आय$११="हजर"))

त्याच फॉर्म्युल्यात "हंगामी" किंवा "कायम" अशी आणखी एक अट गुणाकाराने जोडता येते. कारखान्यात हाच तक्ता सर्वात जास्त मागितला जातो: हंगामात माझ्याकडे किती, ऑफ सिझनला किती.

डायरेक्ट बरोबर, इनडायरेक्ट शून्य

हे लक्षण दिसलं की दुसरं काही बघू नका, नंबरांचा प्रकार बघा. दुसरी पेटी जुळते, तिसरी जुळत नाही, चौथी रिकामी आहे, असं चित्र असतं.

गंमत अशी की काउंटइफ ढिलं आहे आणि एक्सलुकअप कडक. वरिष्ठ कॉलममध्ये ३११ हा मजकूर म्हणून बसला असेल आणि टोकन कॉलममध्ये आकडा म्हणून, तर काउंटइफ दोन्ही एकच धरतं. म्हणून डायरेक्ट बरोबर येतात. एक्सलुकअपला मात्र ते दोन वेगळे वाटतात, ते "सापडलं नाही" म्हणतं आणि साखळी पहिल्याच पायरीवर थांबते. सम-प्रॉडक्टमधली बरोबरीची खूणही एक्सलुकअपसारखीच कडक आहे, तिथे तर डायरेक्टही जातात.

ही भेसळ येते कुठून? हजेरीच्या मशीनमधून निघालेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली की ००४५ चे ४५ होतात, आणि पगाराच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइलीत ते ००४५ असेच मजकूर म्हणून राहतात. कोणी व्हॉट्सॲपवरून आलेला नंबर कॉपी करून टाकला तर मागे एखादी स्पेस येते, कधी ती साधी नसून न तुटणारी स्पेस असते आणि ट्रिमने जात नाही. मराठी कीबोर्ड चालू असताना देवनागरीत टाकलेला टोकन नंबर डोळ्यांना तोच दिसतो, लुकअपला दिसत नाही.

पेटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसला तर आकडा मजकूर होऊन बसलाय. तो कॉलम निवडून डेटा मेनूतलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडायचं आणि काही न बदलता फिनिश दाबायचं. बहुतेक वेळा तेवढ्याने सगळे आकडे होतात. न तुटणारी स्पेस काढायला सबस्टिट्यूटमध्ये कॅर(१६०) द्यायचा. पण टोकन नंबरात आघाडीची शून्यं खरोखर अर्थाची असतील, म्हणजे ००४५ आणि ४५ ही दोन वेगळी माणसं असतील, तर उलटी पंचाईत होते: काउंटइफ त्यांना एकच समजून दोघांची माणसं एकत्र मोजतं. अशा ठिकाणी नंबरापुढे एखादं अक्षर जोडा, "टो००४५" असं. अक्षर आलं की तो निखळ मजकूर होतो आणि दोन्ही फंक्शनं शहाण्यासारखी वागतात.

स्वतःच स्वतःचा साहेब

काही सॉफ्टवेअरमध्ये वरिष्ठ रिकामा सोडता येत नाही. मग भरणारा कार्यकारी संचालकाच्या पुढे त्याचाच नंबर टाकतो. पहिली पेटी लगेच शून्य दाखवते, आणि ते कोणी बघितलं नाही तर पुढे मजा होते. आपल्या नमुन्यात १०१ चा वरिष्ठ १०१ लिहून बघा. साखळी वर पोचली की तिथेच गोल फिरते, आणि उरलेल्या प्रत्येक कॉलममध्ये १०१ पुन्हा पुन्हा येतो. दहा माणसांच्या फाइलीत कार्यकारी संचालकाच्या हाताखाली ४९ माणसं दिसतात. डायरेक्टही दोनाचे तीन होतात, कारण तो स्वतःचाच हाताखालचा ठरतो. इलाज एका ओळीचा: ती पेटी रिकामी करा. सॉफ्टवेअर सोडत नसेल तर फाइल बाहेर काढताना वरिष्ठ आणि टोकन सारखे असतील तिथे रिकामं ठेवणारा इफ लावा.

याचाच वाईट भाऊ म्हणजे दोघांचं चक्र. शिफ्ट इंजिनिअर रजेवर, फिटरकडे काही दिवस देखरेख, क्लार्कने शिफ्ट इंजिनिअरचा वरिष्ठ ४२१ केला आणि फिटरचा ३२१ तसाच राहिला. आता दोघं एकमेकांचे साहेब. डायरेक्टची बेरीज अजूनही ९, म्हणजे दुसरी पेटी जुळते. पण सर्वात वरचा ७ दाखवतो, ७ अधिक १ म्हणजे ८, आणि ओळी १०. चीफ इंजिनिअरकडे तर शून्य. आणि एच कॉलममध्ये या दोघांच्या ओळी भरलेल्या. त्या दोघांच्या नावावर प्रत्येकी ६ माणसं दिसतात, जी कुठे अस्तित्वातच नाहीत.

चक्रातली माणसं पकडायची तर स्वतःचा नंबर स्वतःच्याच साखळीत आलाय का ते बघा:

=काउंटइफ(सी२:एच२, ए२)>०

एच कॉलम भरलाय आणि हा फॉर्म्युला कुठेच ट्रू नाही, असंही होऊ शकतं. एक तर तुमच्याकडे पायऱ्या सहापेक्षा जास्त आहेत, कॉलम वाढवा; नाही तर त्या ओळी चक्रात नसून चक्राच्या खाली लटकलेल्या आहेत, मग त्यांच्या वरच्या ओळी बघा. कारखान्यात सहा पायऱ्या सहसा पुरतात. जिल्हा परिषदेसारख्या ठिकाणी, जिथे अंगणवाडी मदतनिसाच्या वर सेविका, तिच्यावर पर्यवेक्षिका, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी अशी उतरंड वरपर्यंत जाते, तिथे दोन कॉलम जास्तीचे ठेवलेले बरे.

दोन साहेब असलेला माणूस

वजनकाट्यावरचा क्लार्क कागदावर अकौंट्सचा आणि रोजच्या कामाला शेतीखात्याचा. दोन्ही खात्यांनी आपापल्या यादीत त्याचं नाव दिलं की फाइलीत त्याच्या दोन ओळी. डायरेक्टमध्ये काही चुकत नाही, दोन्ही साहेबांना तो एकेकदा मिळतो. पण कार्यकारी संचालकाकडे तो दोनदा मोजला जातो. यावर वाद घालत बसू नका: रजा कोण मंजूर करतो तो वरिष्ठ. दुसरा साहेब वेगळ्या कॉलममध्ये लिहा, मोजणीत तो कॉलम घेऊ नका. टोकन कॉलमवर डुप्लिकेट दाखवणारं कंडिशनल फॉरमॅटिंग लावून ठेवलं की अशा ओळी लाल होऊन समोर येतात.

पॉवर बीआयमध्ये

पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर. त्याची एक चांगली सवय म्हणजे ते गप्प बसत नाही. तिथे पाथ नावाचं फंक्शन साखळी तयार करून देतं, वरून खाली, उभ्या रेघेने जोडलेली:

साखळी = पाथ(कर्मचारी[टोकन], कर्मचारी[वरिष्ठ])

चिटबॉय ४११ ला १०१|२०१|३११|४११ असं मिळतं. फाइलीत नसलेला वरिष्ठ एका जरी ओळीत असेल तरी अख्खा कॉलम एररमध्ये जातो, आणि वरिष्ठ कॉलममधली प्रत्येक किंमत टोकन कॉलममध्ये असायला हवी असं सांगून तो नंबरही दाखवतो. एका टोकनाचे दोन वेगळे वरिष्ठ असतील तरी एरर येते. लोक वैतागतात, पण एक्सेलच्या गुपचूप चुकीच्या आकड्यापेक्षा ही एरर परवडली. दोन्ही कॉलमचा डेटा टाइप सारखा ठेवा, दोन्ही होल नंबर किंवा दोन्ही टेक्स्ट.

एकूण काढायला प्रत्येक टोकनासाठी ते किती जणांच्या साखळीत आहे ते मोजायचं आणि स्वतःचा एक वजा करायचा:

एकूण = काउंटरोज(फिल्टर(कर्मचारी, पाथकन्टेन्स(कर्मचारी[साखळी], अर्लिअर(कर्मचारी[टोकन])))) - १

पाथकन्टेन्सऐवजी साधा मजकूर शोधणारं फंक्शन वापरण्याचा मोह टाळा. टोकन ३१ शोधताना ते ३११, ३१२ मध्येही सापडतं आणि एखाद्या शिपायाच्या हाताखाली अर्धं शेतीखातं जातं. पाथकन्टेन्स दोन रेघांमधला नंबर पूर्ण जुळला तरच होय म्हणतं.

यानंतर हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, तक्त्याच्या तळाशी टोटल २० का येते, माणसं तर १० आहेत. कारण एकच चिटबॉय गट अधिकाऱ्याकडे, मुख्य शेती अधिकाऱ्याकडे आणि कार्यकारी संचालकाकडे असा तीनदा मोजला गेलाय, आणि प्रत्येकाकडे तो मोजला जायलाच हवा. या कॉलमची बेरीज करण्यात अर्थ नाही. त्या कॉलमचं समरायझेशन "डोन्ट समराइझ" करून टाका, नाही तर कोणी ना कोणी ती टोटल उचलून मीटिंगमध्ये वाचणार.

दुसरा प्रश्न: स्लायसरमध्ये (रिपोर्टवरच्या फिल्टरच्या चौकटीत) "हंगामी" निवडलं तरी आकडा हलत नाही. वरचा "एकूण" हा कॅल्क्युलेटेड कॉलम आहे, तो रिफ्रेशच्या वेळी एकदाच मोजला जातो, स्लायसरचं तो ऐकत नाही. तिथे मेजर, म्हणजे निवडीप्रमाणे दर वेळी नव्याने मोजणारा फॉर्म्युला, लागतं. पण मेजर केलं तरी आणखी एक अडचण आहे: स्लायसरने कायम माणसं काढली की कायम असलेला मुख्य शेती अधिकारीच तक्त्यातून निघून जातो. म्हणून अधिकाऱ्यांसाठी त्याच यादीची दुसरी प्रत करा, तिला "साहेब" नाव द्या आणि तिचं कर्मचारी टेबलाशी कुठलंही नातं जोडू नका. तक्त्यात नावं साहेब टेबलाची, स्लायसर कर्मचारी टेबलाचा:

हाताखाली =
व्हार न = सिलेक्टेडव्हॅल्यू(साहेब[टोकन])
रिटर्न काउंटरोज(फिल्टर(कर्मचारी, पाथकन्टेन्स(कर्मचारी[साखळी], न) && कर्मचारी[टोकन] <> न))

पॉवर बीआय आपणहून नातं जोडण्याचा उद्योग करतं, तेव्हा मॉडेल व्ह्यूमध्ये जाऊन ती रेघ आली असेल तर पुसा. आकडे सगळीकडे रिकामे दिसायला लागले तर कारण बहुधा तीच रेघ.

हजार माणसांच्या यादीला ही पद्धत दहा लाख तुलना करते, ते काहीच नाही. पन्नास हजारांच्या यादीला २५० कोटी होतात आणि रिफ्रेश रेंगाळतं. तेवढी मोठी यादी असेल तर मोजणी डेटाबेसमध्येच करून आणलेली बरी.

डेटाबेसमध्ये

मायएसक्यूएल ८.० पासून आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रिकर्सिव्ह क्वेरी (आपल्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी) चालते. प्रत्येक माणसापासून वर चढत जायचं आणि प्रत्येक पायरीला वरचा, खालचा आणि अंतर अशी एक ओळ लिहायची:

विथ रिकर्सिव्ह साखळी (वरचा, खालचा, अंतर) ॲज (
सिलेक्ट वरिष्ठ, टोकन, १ फ्रॉम कर्मचारी व्हेअर वरिष्ठ इज नॉट नल
युनियन ऑल
सिलेक्ट क.वरिष्ठ, स.खालचा, स.अंतर + १
फ्रॉम साखळी स जॉइन कर्मचारी क ऑन क.टोकन = स.वरचा
व्हेअर क.वरिष्ठ इज नॉट नल
)
सिलेक्ट वरचा, काउंट(डिस्टिंक्ट खालचा) फ्रॉम साखळी ग्रुप बाय वरचा

अंतर १ असलेल्या ओळी डायरेक्ट, बाकीच्या इनडायरेक्ट. डिस्टिंक्ट घातल्यामुळे दोन साहेबवाला क्लार्क वर एकदाच मोजला जातो. निवृत्त झालेला ३११ डिलीट केलेला असला तरी या क्वेरीत "वरचा" म्हणून दिसतो. कर्मचारी टेबलाशी लेफ्ट जॉइन केला की त्याचा हुद्दा रिकामा येतो आणि चोर सापडतो. मात्र ज्यांच्या हाताखाली कोणीच नाही ते या यादीत येत नाहीत. त्यांना शून्य हवं असेल तर जॉइनची सुरुवात कर्मचारी टेबलाकडून करा.

चक्र असेल तर ही क्वेरी फिरतच राहते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये, जिथे "रिकर्सिव्ह" शब्द न लिहिता नुसतं विथ लिहितात, १०० पायऱ्यांनंतर ती एरर देऊन थांबते. मायएसक्यूएलमध्ये ही मर्यादा मुळात १००० ची असते. ती एरर आली की मर्यादा वाढवायला जाऊ नका, शंभर पायऱ्यांची उतरंड कुठल्या कारखान्यात असते? "अंतर १० पेक्षा कमी" अशी अट आतल्या भागात टाकून क्वेरी चालवा, आणि वरचा व खालचा सारखे असलेल्या ओळी काढा. ज्यांचे नंबर येतील त्यांच्या बदलीचे किंवा प्रभाराचे आदेश आस्थापना शाखेतून मागवून घ्या आणि त्याप्रमाणे वरिष्ठ दुरुस्त करा. अंदाजाने नंबर बसवला की पुढच्या महिन्यात तोच फोन पुन्हा येतो.